व्हीपीएन लावलं की घरचा प्रिंटर गायब, केबल लावली की ऑफिसचा सर्व्हर गायब

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

दहा दिवस स्वतः खटपट करून झाली, आता तुमच्याकडे आलोय.

मी नाशिकला राहतो. जूनपासून पुण्याच्या एका कंपनीचं मशीन डिझाइनचं काम घरून करतो. लॅपटॉप कंपनीचा, विंडोज ११. व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत जाणारा खासगी बोगदा) त्यांनीच टाकून दिलंय आणि त्यातलं काही बदलायचे अधिकार मला नाहीत. घरी फायबर आहे, राउटर कनेक्शनवाल्यानेच बसवलेला. त्या राउटरवर वायफायने एक ए-३ प्रिंटर आणि केबलने दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून उघडायचा फाइली साठवण्याचा डबा. नॅसवर वडिलांच्या जमिनीचे स्कॅन केलेले कागद, वीस वर्षांचे फोटो आणि बायकोच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका.

अडचण अशी आहे. वायफायवर असताना व्हीपीएन जोडलं की प्रिंटर ‘ऑफलाइन’ होतो आणि नॅस उघडत नाही. व्हीपीएन तोडलं की दोन्ही लगेच परत येतात. कुणीतरी सांगितलं म्हणून लॅपटॉपला लॅन केबल लावली. तर प्रिंटर चालू, नॅस चालू, पण ऑफिसचा ड्रॉइंगचा सर्व्हर बंद! बंद म्हणजे पासवर्ड विचारतो, मी बरोबर पासवर्ड देतो, तो चूक म्हणतो. तोच पासवर्ड मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पहिल्या फटक्यात चालतो.

मला ड्रॉइंग कागदावर लागतं. स्क्रीनवर कितीही मोठं केलं तरी एखादं माप नजरेतून निसटतं, कागदावर लाल पेनाने टिक करत गेलं की निसटत नाही. घरी प्रिंट काढायची साहेबांची परवानगी आहे. सध्या दर वेळी फाइल लॅपटॉपवर उतरवायची, व्हीपीएन तोडायचं, प्रिंट काढायची, पुन्हा जोडायचं, पुन्हा मोबाइलवरचा ओटीपी टाकायचा. दिवसातून पंधरा वेळा हेच.

आयटीकडे तिकीट टाकलं होतं. ‘घरच्या नेटवर्कला आम्ही सपोर्ट देत नाही’ असं लिहून त्यांनी ते बंद केलं.

दगडूशेठ_चौक | मंगळवार, रात्री ११:०५

विंडोजची फायरवॉल (नेटवर्कची नको ती ये-जा अडवणारा पहारा) बंद करून बघा. माझ्याकडे प्रिंटर असाच दिसत नव्हता, फायरवॉल बंद केल्यावर आला. राउटरही पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा.

पॅकेटवारी | मंगळवार, रात्री ११:३०

कृपया फायरवॉल बंद करू नका. कंपनीच्या लॅपटॉपवर तर नाहीच नाही. शिवाय फायरवॉलचा दोष असता तर वायफाय आणि केबल यांत असा उलटसुलट फरक पडला नसता.

मी सोळा वर्षं नेटवर्कचंच काम करतो, त्यामुळे तुमच्या वर्णनातल्या शेवटच्या गोष्टीपाशी थांबलो. हॉटस्पॉटवर पासवर्ड चालतो आणि घरच्या केबलवर चालत नाही. मला शंका आहे की केबलवर असताना तो पासवर्ड तुमच्या ऑफिसचा सर्व्हर विचारतच नाहीये.

तीन गोष्टी सांगा.
घरच्या नॅसचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) काय? ऑफिसच्या ड्रॉइंग सर्व्हरचा पत्ता काय? आणि व्हीपीएन जोडलेलं असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रूट प्रिंट’ दिल्यावर १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या ओळी काय येतात? एकदा वायफायवर आणि एकदा केबलवर. या कमांडने फक्त वाचलं जातं, काही बदलत नाही, त्यामुळे बिनधास्त द्या.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ७:५०

काढलं. आणि लिहिता लिहिताच अंगावर काटा आला.

घरचा नॅस: १९२.१६८.१.४०
ऑफिसचा ड्रॉइंग सर्व्हर: १९२.१६८.१.४०

दोन्ही एकच! आजवर कधी शेजारी शेजारी लिहून बघितलेच नव्हते.

रूट प्रिंटमध्ये १९२.१६८.१.० च्या दोन ओळी आहेत, एक व्हीपीएनची आणि एक घरची. शेवटच्या ‘मेट्रिक’ रकान्यात व्हीपीएनच्या ओळीसमोर २९१ आहे. घरच्या ओळीसमोर वायफायवर ३०१ आणि केबलवर २८१.

पॅकेटवारी | बुधवार, दुपारी १:१५

मिळालं. या आकड्यांतच सगळं आलं.

प्रत्येक गावात एक गांधी चौक असतो. पाकिटावर नुसतं ‘घर नं. ४०, गांधी चौक’ लिहिलं आणि गावाचं नावच नाही, तर पोस्टमन आपल्याच गावातल्या चौकात जाणार. आयपीच्या खासगी पत्त्यांचं तेच आहे. १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन पट्टे कुणालाही आपल्या घरात, ऑफिसात मोफत वापरायला सोडले: १०.०.०.० पासूनचे सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ मधले सुमारे साडेदहा लाख, आणि १९२.१६८ चे ६५,५३६. जगात कितीही घरांत हेच पत्ते असले तरी बिघडत नाही, कारण ते घराबाहेर पडत नाहीत. व्हीपीएन मात्र दोन गावांमध्ये बोगदा खणतं. दोन्ही टोकांना गांधी चौक असला की गोंधळ सुरू.

आता तुमचे आकडे. एकाच पट्ट्याकडे जाणाऱ्या दोन वाटा असल्या की विंडोज कमी मेट्रिकची वाट धरतं. मेट्रिक आपण ठरवलेलं नसेल तर ते जोडणीच्या वेगावरून स्वतः लावतं: गिगाबिट केबलला कमी, वायफायला जास्त. वायफायवर घर ३०१ आणि व्हीपीएन २९१, म्हणून ‘१९२.१६८.१’ चं सगळं बोगद्यात जातं. तुमच्या प्रिंटरला पाठवलेली प्रिंट पुण्यात जाऊन त्या पत्त्याचा प्रिंटर शोधते. केबलवर घर २८१, म्हणजे घर जिंकतं, आणि ऑफिसच्या सर्व्हरसाठी निघालेली विनंती तुमच्याच नॅसच्या दारात उभी राहते. पासवर्ड तो विचारत होता. ऑफिसचा पासवर्ड त्याला कसा माहीत असणार?

नॅसच्या नोंदी उघडून बघा, फसलेले लॉगिन सापडतील.

हे फक्त गैरसोयीचं म्हणून सोडून देऊ नका. आज तुमचा पासवर्ड तुमच्याच कपाटातल्या डब्याकडे गेला. उद्या तुम्ही लॉजवर किंवा एखाद्या कॅफेत बसलात, तिथलाही पट्टा १९२.१६८.१ असला, तिथल्या वाटेचं मेट्रिक व्हीपीएनपेक्षा कमी निघालं, आणि ४० नंबरवर कुणाचा तरी लॅपटॉप असला, तर तुमच्या ऑफिसच्या नावाने चाललेलं लॉगिन त्याच्या दारात जाईल. कंपनीने सर्व्हर १९२.१६८.१ वर ठेवायलाच नको होता, कारण अर्ध्या जगाचे राउटर कारखान्यातून तोच पट्टा घेऊन येतात. आयटीला हे दोन पत्ते आणि तीन आकडे लिहून पुन्हा तिकीट टाका. ‘प्रिंटर चालत नाही’ असं लिहू नका. ‘ऑफिसचं लॉगिन चुकीच्या यंत्राकडे जातंय’ असं लिहा. ते तिकीट कुणी बंद करणार नाही.

पण ऑफिसचा पट्टा बदलायला त्यांना महिने लागतील. तुमच्या घराचा पट्टा तुमच्या हातात आहे. तो बदला.

एडिसन_ते_सांगली | बुधवार, संध्याकाळी ६:२०

गांधी चौकाचं उदाहरण फार चपखल. मी न्यू जर्सीत असते, दरवर्षी तीन आठवडे सांगलीला आईबाबांकडे राहून तिथूनच काम करते. मागच्या वर्षी पहिले दोन दिवस यातच गेले. तेव्हा मला वाटलं भारतातलं इंटरनेटच ऑफिस अडवतंय.

एक विचारायचं होतं. हॉटस्पॉटवर सगळं का चालतं? तिथे पट्टा वेगळा असतो का?

पॅकेटवारी | बुधवार, रात्री ९:००

हो, अगदी तेच कारण. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० चे पत्ते देतो, अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्या १९२.१६८.४३ चे. हे पट्टे ऑफिसच्या पट्ट्याशी क्वचितच धडकतात. म्हणून ‘हॉटस्पॉटवर चालतं, घरी चालत नाही’ असं कुणी सांगितलं की मी आधी पट्टे विचारतो. प्रवासाला निघण्यापूर्वी आईबाबांना राउटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता वाचून दाखवायला सांगा. जिओच्या फायबर राउटरवर बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, तो सहसा भांडत नाही. १९२.१६८.०, १९२.१६८.१ किंवा १०.०.० दिसला तर आधीच सावध व्हा.

मांडवीपार | बुधवार, रात्री १०:१०

पणजीहून लिहितोय. पट्ट्यांचं भांडण घराच्या राउटरशीच होतं असं नाही, लॅपटॉपच्या पोटातही होतं. आमच्या कंपनीचे टेस्टिंगचे सर्व्हर १७२.१७ वर आहेत. मी लॅपटॉपवर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवायचं साधन) टाकलं त्या दिवसापासून ते सर्व्हर मला दिसेनात. टीममधल्या बाकी सगळ्यांना दिसत होते. राउटर बदलला, व्हीपीएन काढून पुन्हा टाकलं, अर्धा दिवस गेला. शेवटी एका सीनिअर ताईंनी स्क्रीन बघून विचारलं, ‘डॉकर आहे का?’ डॉकर आपल्या आतल्या पुलासाठी मुळातच १७२.१७ चा पट्टा घेतं. त्याच्या डीमनच्या (मागे चालू असणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये दुसरा पट्टा दिला, डॉकर परत चालू केलं, पाच मिनिटांत काम झालं.

डॉकर वापरणाऱ्यांनी हे आधी तपासावं, एवढंच.

ठाणे_खाडी | गुरुवार, सकाळी ९:३०

आमच्या बँकेच्या लॅपटॉपवर तर पट्टा वेगळा असूनही प्रिंटर दिसत नाही. घर १९२.१६८.२९, ऑफिस सगळं १० च्या पट्ट्यात. व्हीपीएन जोडलं की घरचं काहीच दिसत नाही, यूट्यूबसुद्धा ऑफिसच्या फिल्टरमधून जातं. रूट प्रिंटमध्ये दिसणारी घरची वाट काढून पुन्हा हाताने घातली तर चालेल का? एका मित्राने व्हर्च्युअल मशीनचाही (लॅपटॉपच्या आतच चालणाऱ्या दुसऱ्या आभासी संगणकाचा) उपाय सांगितलाय.

पॅकेटवारी | गुरुवार, सकाळी ११:४५

तुमचा प्रकार वेगळा आहे. गोदाकाठ यांच्याकडे स्प्लिट टनेल आहे: ऑफिसच्या पट्ट्यांचंच तेवढं बोगद्यातून जातं, बाकीचं सरळ घरच्या लाइनने. तुमच्याकडे फुल टनेल आहे: लॅपटॉपमधून निघणारा प्रत्येक शब्द आधी बँकेत. वर घरच्या नेटवर्ककडे जाणारी वाटही मुद्दाम बंद केलेली आहे.

ही बंदी बँकेने समजून उमजून घातलेली आहे. घरच्या स्वस्त कॅमेऱ्यात किंवा टीव्हीत कुणी शिरलं, तर त्याने तुमच्या लॅपटॉपवरून बँकेत पाय ठेवू नये म्हणून. वाट हाताने घालणं, व्हर्च्युअल मशीनमधून वळसा मारणं, यातलं काही करू नका. बरेच क्लायंट (लॅपटॉपवरचे व्हीपीएनचे प्रोग्रॅम) अशी घातलेली वाट लगेच पुसतात आणि नोंदही ठेवतात. ती नोंद वरिष्ठांपर्यंत गेली की प्रिंटरपुरता विषय राहत नाही. मी अशा नोंदी वाचायच्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून कळकळीने सांगतोय.

काही क्लायंटमध्ये व्हीपीएन चालू असताना लोकल लॅन, म्हणजे घरचं नेटवर्क, वापरू द्यायची एक खूण असते. पण ती आपण केली तरी तिकडच्या अ‍ॅडमिनने परवानगी दिली असेल तरच लागू होते. तेव्हा लेखी मागा. कारण नीट लिहा: कुठले कागद, का छापायचे. नाही म्हणाले तर विचारा, प्रिंटर यूएसबी केबलने जोडला तर चालेल का. यूएसबीच्या प्रिंटरला नेटवर्कची वाट लागतच नाही. पाच मीटरची केबल दोन-तीनशे रुपयांत येते.

दगडूशेठ_चौक | गुरुवार, दुपारी ४:००

माझा फायरवॉलचा सल्ला मागे घेतो. वाचून बरंच कळलं. एक प्रश्न: ऑफिसचं व्हीपीएन घरी लावलं की ऑफिसला आमच्या घरातलं सगळं दिसतं का? मुलं त्याच वायफायवर गेम खेळतात, बायकोचं नेटबँकिंग असतं. आणि मध्यंतरी सरकारने व्हीपीएनवर काही नियम आणले होते, त्यात आपण बसतो का?

पॅकेटवारी | गुरुवार, रात्री १०:२०

सल्ला मागे घेतलात हे फार चांगलं केलंत. पुढे कुणी हा धागा शोधत आला तर तो तुमचा पहिला प्रतिसाद वाचूनच थांबायला नको.

व्हीपीएन ज्या यंत्रावर आहे त्याच यंत्राची ये-जा बोगद्यातून होते. मुलांचे गेम, वहिनींचं बँकिंग त्यांच्या यंत्रांवरून सरळ जातं, ऑफिसला त्याचा पत्ता नसतो. मात्र ऑफिसचा लॅपटॉप तुमच्या वायफायवर बसलेला असतो, त्यामुळे घरात कोणकोणती यंत्रं आहेत हे त्याला दिसू शकतं. हे नको असेल तर राउटरचं गेस्ट वायफाय चालू करा आणि ऑफिसचा लॅपटॉप तिथे बसवा. माझ्या घरी तसंच आहे. गेस्टवरून घरचा प्रिंटर दिसणार नाही, हे गृहीत धरूनच करा.

नियमांचं म्हणाल तर सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, त्यात व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची अट होती. कंपन्यांच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या व्हीपीएनला ती लागू नाही, असा खुलासा त्यांनीच नंतरच्या प्रश्नोत्तरांत केला.

वर्धा_रोड | शुक्रवार, सकाळी ८:१५

पट्टे वेगळे, स्प्लिट टनेल, प्रिंटर चालू. तरी माझं व्हीपीएन अर्धवट चालतं. मेल येतो पण अटॅचमेंट ९९ टक्क्यांवर अडकते. चॅट चालतो, फाइल अपलोड होत नाही. हेही याच धाग्यात विचारू का? फायबर आहे, राउटरला लॉगिन-पासवर्ड टाकावा लागतो ते पीपीपीओई.

पॅकेटवारी | शुक्रवार, दुपारी २:००

इथेच विचारा. माहितीची लहान पाकिटं पोचतात, मोठी पोचत नाहीत, असं हे लक्षण आहे.

साध्या लाइनवरून एका वेळी १५०० बाइटचं पाकीट जातं. पीपीपीओई आपल्या वेष्टनासाठी ८ बाइट घेतं, उरले १४९२. व्हीपीएन त्या पाकिटाला आणखी एका पाकिटात घालतं. बाहेरचं पाकीट १४९२ च्या वर गेलं की वाटेतला राउटर ते टाकून देतो. ‘मोठं झालं’ असा निरोप तो उलट पाठवतो, पण बऱ्याच ठिकाणी फायरवॉल तो निरोपच अडवते. मग लॅपटॉप तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

व्हीपीएन तोडून, ‘तुकडे करू नको’ हा पर्याय देऊन बाहेरच्या एखाद्या साइटला १४७२ बाइटचं पिंग (पोचतंय का ते तपासणारं पाकीट) द्या, मग १४६४ चं. पिंगचे स्वतःचे २८ बाइट धरले की हे १५०० आणि १४९२ होतात. पहिलं गेलं नाही आणि दुसरं गेलं, तर लाइनची मर्यादा १४९२ आहे हे नक्की. तोच आकडा आयटीला द्या आणि टनेलचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) कमी करायला सांगा. वायरगार्ड हे व्हीपीएन मुळातच १४२० वर चालतं, म्हणून त्यावर हा त्रास सहसा होत नाही. बाकीच्यांवर हाताने करावं लागतं.

वर्धा_रोड | शनिवार, सकाळी १०:०५

१४७२ गेलं नाही, १४६४ गेलं. आयटीच्या मुलाला आकडा दिला, त्याने माझ्या प्रोफाइलला १३६० लावले. सकाळी ४० एमबीची फाइल एका दमात चढली. मनापासून आभार.

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:१५

झालं! कसं झालं ते सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडून एक चूक झाली आणि ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये असं वाटतं.

शनिवारी शिकवणीची मुलं गेल्यावर बसलो. राउटरचं पान उघडलं तर लॅनचा भाग कुलूपबंद, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कनेक्शनवाल्याकडे. फोन केला, त्यांचा मुलगा तासाभरात घरी आला. त्याला वाटलं मला वेग वाढवून हवाय. कागदावर ‘१९२.१६८.१४७.१’ लिहून दाखवलं आणि का हवंय ते सांगितलं, तेव्हा तो माझ्या शेजारी बसून पूर्ण वेळ बघत राहिला. त्याच्या दोन ग्राहकांची हीच तक्रार आहे म्हणाला.

चूक इथे झाली. मी आधी राउटरचा पट्टा बदलला. नॅसला पूर्वी कधीतरी मी हाताने कायमचा पत्ता दिला होता, तो तसाच १९२.१६८.१.४० राहिला. राउटर नव्या गावात, नॅस जुन्या गावात. वडिलांचे कागद त्यावर होते, पाच मिनिटं हात थरथरत होते. शेवटी त्या मुलानेच युक्ती काढली. घरच्या जुन्या लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.५ पत्ता दिला, केबलने थेट नॅसला जोडलं, आणि नॅसचं पान उघडलं. तेव्हा आधी नॅसला ‘आपोआप पत्ता घे’ असं सांगा आणि मगच राउटर बदला.

त्याच पानावर नोंदी पाहिल्या. दहा दिवसांत फसलेले लॉगिन चौदा, सगळे माझ्या ऑफिसच्या नावाने, सगळे केबल लावलेल्या दिवसांचे. पॅकेटवारी, तुम्ही म्हणालात तसंच. ऑफिसचा पासवर्ड लगेच बदलला.

मग राउटरमध्ये प्रिंटर आणि नॅस दोघांना त्यांच्या मॅक पत्त्यावरून (कारखान्यातून येणाऱ्या यंत्राच्या ओळख-क्रमांकावरून) कायमचे आकडे राखून ठेवले: प्रिंटर ३०, नॅस ४०. लॅपटॉपवर प्रिंटर आधी नावाने शोधून बसवलेला होता, तो काढला आणि आकड्याने बसवला. व्हीपीएन जोडल्यावर नावं ऑफिसच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारली जातात, त्याला माझ्या घरचा प्रिंटर कुठून माहीत असणार. नॅससुद्धा आता नावाऐवजी आकड्यानेच उघडतो.

गेस्ट वायफायचा विचार केला होता, पण मला प्रिंट रोज लागते, म्हणून लॅपटॉप मुख्य वायफायवरच ठेवला. साहेबांना तसं कळवलं.

आज दुपारी इकडे दीड तास लाइट नव्हती. आल्यावर मुद्दाम सगळं पुन्हा तपासलं. प्रिंटर त्याच ३० वर उठला. व्हीपीएन जोडलं, ऑफिसच्या सर्व्हरवरून गिअरबॉक्सच्या झाकणाचं ड्रॉइंग उघडलं, वायफायवर, आणि न तोडता प्रिंट दिली. कागद बाहेर आला. त्यावर बसलो आणि एका भोकाचं माप दोन ठिकाणी वेगवेगळं सापडलं, ८.५ आणि ९. उद्या सकाळी पुण्याला कळवतो.

आयटीला तिकीट पुन्हा टाकलं, तुम्ही सांगितलेल्या शब्दांत. या वेळी वीस मिनिटांत फोन आला. फोनवरच्या बाईंनी माझे तिन्ही आकडे लिहून घेतले आणि आणखी किती जणांचा घरचा पट्टा १९२.१६८.१ आहे ते सोमवारपासून सगळ्यांना विचारणार आहोत असं म्हणाल्या.

पॅकेटवारी | रविवार, रात्री १०:००

वा! नॅसचा क्रम मीच आधी सांगायला हवा होता, ते राहून गेलं. फोनवरच्या त्या बाईंना अडचण आली तर त्यांना हा धागा पाठवा, मी उत्तरं देईन.